आज्जीची सोळा स्वप्नं आणि वहिनींच्या सुया



मागे एकदा मी चिकोडीकडच्या माहेराबद्दल लिहिलं होतं, तेव्हा तुमच्यापैकी तिघीचौघींनी विचारलं होतं, तुमच्याकडे कशिदा अजून कोणी करतं का? करतं. मी करते, माझी अक्का करते, आणि एक भाची शिकली आहे. पण हे उत्तर एका ओळीत संपणारं नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आपण मराठीत ज्याला कर्नाटकी कशिदा म्हणतो तो धारवाड, बेळगाव, विजापूर भागातला. सीमेच्या अलीकडे कोल्हापूर-सांगलीकडच्या आपल्या घरांतही तो सुनांबरोबर आणि लुगड्यांबरोबर येत राहिला. इरकली लुगड्यावर, खणावर, बाळाच्या कुंचीवर आणि संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेवर तो शोभतो. त्याचे टाके चार. गवंती म्हणजे जाऊन परत येणारा धावदोरा. मुर्गी तसाच, पण पायरीपायरीनं चढणारा. (कोंबडीशी काही संबंध नाही. माझ्या सांगलीच्या शेजारणी दर वेळी हसतात.) नेगी हा विणल्यासारखा दिसणारा आणि मेंथी म्हणजे फुलीचा टाका, मेथीच्या दाण्यांसारखा दाट भरायचा.

या कामात कापडावर आधी काही काढायचं नसतं. छाप नाही, पेन्सिल नाही, कार्बन नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्या मोजणीतूनच हत्ती, मोर, रथ, गोपूर उभं करायचं. आमच्या घरी चार धाग्यांचा एक टाका. आज्जी मोजायची ते कानडीत, ओंदू, यरडू, मूरू, नाकू. मी सांगलीला बी. कॉम. झाले, लग्नाआधी दोन वर्षं एका पेढीत वह्या लिहिल्या, घरचा हिशोब चाळीस वर्षं मराठीत ठेवला. पण सुई हातात आली की आजही ओंदू-यरडूच तोंडात येतं. मराठीत मोजलं तर टाका चुकतो असं मला खरंच वाटतं.

दुसरी गोष्ट, गाठ मारायची नाही. गवंती आणि मुर्गी दोन्ही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. सुरुवातीचं टोक चार बोटं सोडायचं आणि नंतर टाक्यांतच मुरवायचं. आई म्हणायची, "आपले महाराज निर्ग्रंथ, आपला टाकाही निर्ग्रंथ." लहानपणी ते नुसतं गमतीचं वाटायचं. ग्रंथ म्हणजे गाठ, हे पुढे स्वाध्यायात कळलं.

गवंतीचं गणित मला कॉलेजात पहिल्यांदा नीट कळलं, तेही जमाखर्चाच्या तासाला. प्रत्येक नावेला जमा हवी, तसं प्रत्येक समोरच्या टाक्याला मागे एक टाका हवा. जाताना एक टाका समोर, एक मागे, असं करत जायचं. परत येताना राहिलेल्या जागा भरायच्या. आमच्या हत्तीला समोर 148 टाके आहेत, तर मागेही 148. निघालो तिथेच येऊन पोहोचलो की ताळा जमला. नाही जमला तर कुठे तरी एक धागा जास्त धरला आहे, उसवा.

पण हत्तीला सोंड आहे, चार पाय आहेत, पाठीवर अंबारी आहे. सरळ रस्त्याला फाटे फुटतात. प्रत्येक फाट्याशी ठरवायचं असतं, आत्ताच टोकापर्यंत जाऊन यायचं की परतीच्या वाटेवर? इथेच सगळी मेख आहे. पुरा झालेला हत्ती बघून तो कसा दिसतो ते कळतं, तो कसा केला ते कळत नाही. आधी सोंड की आधी पाय, हे कापड सांगत नाही. ते शेजारी बसून, हात बघून शिकायचं असतं. पुस्तकांत कशिद्याचे नमुने पुष्कळ मिळतात, चांगलेही असतात. पण बहुतेकांत नुसतं चित्र असतं, रस्ता नसतो. निपाणीच्या बाजारातून मी दोन आणली होती. ती आता नातवाच्या चित्रकलेला उपयोगी पडतात.

आता आज्जीच्या कापडाकडे येते.

काळ्या इरकलीचा एक तुकडा, सव्वा हात रुंद आणि अडीच हात लांब. आज्जी, म्हणजे माझ्या वडिलांची आई, नवा नमुना आधी त्यावर करून बघायची. वरच्या निम्म्या भागात नेहमीचं सगळं आहे: गोपूर, रथ, पालखी, पाळणा, मोर, शंख. तुळशीवृंदावनही आहे, पण आज्जीनं त्यावरची तुळस काढून घुमटी केली आणि खालच्या पायऱ्या तीनच ठेवल्या. झाला मानस्तंभ! आमच्या गावच्या बस्तीसमोरचा आहे अगदी तसा. हा सगळा वरचा भाग रेशमाचा आहे. जुन्या पदरांतून ओढून काढलेले धागे, पिवळे, डाळिंबी, हिरवे. सत्तर-ऐंशी वर्षांनीही त्यांची झळाळी गेलेली नाही.

खालच्या निम्म्या भागात झळाळी नाही. तो सुती आहे.

1955 साली कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना झाली. महाराज आमच्याच मुलखातले, भोज गावचे. घराघरातून माणसं दर्शनाला गेली होती, आमचे आजोबाही गेले. परत आल्यावर घरात कोण काय नियम घेणार याचं बोलणं झालं. कोणी रात्रीचं पाणी सोडलं, कोणी गूळ सोडला. आज्जीनं रेशीम सोडलं. एका लुगड्यासाठी हजारो कोशे उकळत्या पाण्यात पडतात हे तिला आधीही माहीत असणारच. पण त्या चातुर्मासात तिनं ते मनावर घेतलं. नेसायचं सोडणं सोपं होतं, तिच्याकडे रेशमी होतंच किती! अवघड होतं ते सुईतलं रेशीम सोडणं. त्या काळी चांगला रंगीत सुती दोरा आमच्या खेड्यात मिळायचा नाही आणि मिळायचा तो जाड असायचा. रेशमानं काढलेली रेघ कोरल्यासारखी बारीक दिसते, सुताची फुगते. आज्जीचे पहिले सुती मोर बघितले की कोंबड्यांसारखे वाटतात. मग तिनं दोऱ्याचे पदर सोडवून एकेक पदर वापरायला सुरुवात केली. तो तुटायचा. मग ती त्याला मेणावरून फिरवायची. पुढे मेण कसलं, मधमाश्यांचंच की, म्हणून तेही सोडलं आणि तांदळाच्या पेजेचं बोट लावायला लागली. आईनं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, किती ते कठीण करून घ्यायचं! आई नुसती हसली.

आणि या सुती भागातच आज्जीनं तिचं सगळ्यात मोठं काम केलं, तीर्थंकरांच्या मातेची सोळा स्वप्नं. हे नेहमीच्या कशिद्यात नसतं. निदान मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ऐरावत सोपा, हत्ती तिला येतच होता. वृषभही जमला. चंद्र, सूर्य, दोन कलश, दोन मासे, सिंहासन, विमान, रत्नांची रास हे सगळं चौकोन आणि त्रिकोणांत बसतं. समुद्र तिनं मुर्गीनं केला आहे, पायऱ्यांच्या सात ओळी एकाखाली एक. थोडं लांबून बघितलं की पाणी हलल्यासारखं वाटतं. लक्ष्मीला मात्र चेहरा नाही. सिंहाचं मांजर झालं आहे. कशिद्यात गोल रेघ नसते, उभी, आडवी आणि तिरपी एवढीच, आणि आयाळ काही त्यात बसत नाही. घरातली सगळी पोरं त्याला मांजरच म्हणायची. आज्जी चिडायची.

शेवटचं स्वप्न निर्धूम अग्नी. धूर नसलेला जाळ सुईनं दाखवायचा कसा? आज्जीनं ज्वाळा केली आणि तिच्या वर सात टाक्यांची जागा कोरी सोडली. बाकी पंधरा स्वप्नं एकमेकांना चिकटून आहेत, कापड वाया जाऊ नये म्हणून बोटभरही जागा सोडलेली नाही. इथेच तेवढं काळं कापड मोकळं आहे.

आज्जीकडून हे सगळं आईकडे आलं, म्हणजे सासूकडून सुनेकडे. आई लग्न होऊन आली तेव्हा तिला फक्त साखळी टाका यायचा. दुपारी चौका आवरला की आज्जी तिला माडीवर घेऊन बसायची, उन्हं कलेपर्यंत. दिवा लागल्यावर सुई धरायची नाही असा घरचा दंडक होता. दिव्यावर जीव येतात, आणि एका हातात सुई असताना दुसऱ्या हातानं ते झटकले जातात. आईनं आम्हा तिघी बहिणींना शिकवलं. अक्का सगळ्यांत बरी, मी मोजणीत पक्की पण हात सावकाश. धाकटीनं दोन मोर केले आणि थांबली.

आईची नजर सत्तरीनंतर अधू झाली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं, दुसऱ्यात पडद्याचाच दोष निघाला. कापडाचे धागे तिला बोटांनी कळायचे, पण सुई ओवता येईना. आमच्या वहिनी, दादाची बायको, यांना भरतकामाची अजिबात आवड नाही. त्यांचा ओढा शेतीकडे आणि गाईगुरांकडे. पण रोज सकाळी चुलीकडे जाण्याआधी त्या दहा सुया ओवून उशीच्या अभ्र्याला ओळीनं टोचून ठेवायच्या. पाच काळ्या कापडासाठी पांढऱ्या दोऱ्याच्या, पाच रंगीत. आईचा दिवस त्या दहा सुयांवर जायचा. हे त्यांनी बारा वर्षं केलं. आम्ही मुली दिवाळीला, पर्युषणाला जायचो, आईचं नवं काम बघून वा वा करायचो आणि आपापल्या घरी यायचो.

आई गेली त्याला दोन वर्षं झाली. शहाऐंशी वर्षांची होती, शांतपणे गेली.

त्यानंतर त्या कापडाचा विषय निघाला. दागिन्यांवरून, जमिनीवरून आमच्यात कधी शब्द झाला नाही. पण या अडीच हात तुकड्यावरून झाला. अक्काला वाटत होतं, सगळ्यांत जास्त काम ती करते, तर तिच्याकडे यावं. धाकटीला पुण्याच्या घरात काचेत लावायचं होतं. मला हवं होतं की नाही? हवं होतं. कोणीतरी म्हणालं बस्तीत द्या, शास्त्राच्या वेष्टनाला होईल. मग अर्धं रेशमाचं वेष्टन चालेल का, यावर अर्धा तास गेला. शेवटी एक मेव्हणे टेप घेऊन आले. तीन सारखे भाग करू, कडा दुमडून घेऊ, प्रत्येकीला आठवण राहील. ऐकायला अगदी न्यायाचं होतं. पाऊण हात आणि थोडं वर, अशी खूणही करून झाली.

आमच्या आत्याबाई कोपऱ्यात माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कात्री कुठून जाणार?" बघितलं तर दुसरी खूण बरोबर वृषभाच्या मानेवरून जात होती आणि पहिली वरच्या हत्तींच्या रांगेतून, चार हत्ती. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "यशोधराचा कोंबडा तर पिठाचाच होता."

आपल्यापैकी कोणाला ही कथा सांगायला नको. राजानं खरा जीव मारला नाही, आईच्या आग्रहानं पिठाचा कोंबडा करून बळी दिला, आणि दोघांनाही त्या एका संकल्पापायी किती तरी तिर्यंच जन्म भोगावे लागले. म्हणून तर जत्रेतली साखरेची हत्ती-घोड्यांची चित्रं आमच्या घरी कधी आली नाहीत. आलीच कोणाकडून तर विरघळवून सरबत व्हायचं, दातांनी तोडायची नाहीत. आणि आईचाही नियम होता, प्राण्यावरून कात्री चालवायची नाही, मग तो टाक्यांचा का असेना. पदर छाटताना मोर मध्ये आला तर ती चार बोटं कापड जास्त सोडायची.

टेप गुंडाळली गेली.

तुम्ही म्हणाल, जरा सरकवून कापलं असतं तर? ते आमच्याही मनात आलं. पण तोवर मला दुसरंच सुचलं होतं आणि ते मी बोलून दाखवलं. हे कापड आज्जीकडून आईकडे आलं. आज्जीला दोन मुली होत्या, त्यातल्या एक आत्याबाई इथे बसल्या आहेत, त्यांना मिळालं नाही. ते या घरात सासूकडून सुनेकडे जातं. तर ते वहिनींचं आहे.

वहिनी म्हणाल्या, "मला काय त्यातलं कळतंय? मला टाका येत नाही." अक्का गप्प झाली, तिला लागलं हे मला दिसलं. पण थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आईच्या शेवटच्या बारा वर्षांतली प्रत्येक सुई यांनी ओवली आहे. माझी एक नाही." मग कोणी काही बोललं नाही. वहिनींनी कापड घडी करून कडुनिंबाच्या पाल्यासह ट्रंकेत ठेवलं. शिळं होऊ नये म्हणून दर श्रुतपंचमीला, बस्तीत शास्त्रांची वेष्टनं बदलतात त्या दिवशी, ते माडीवर सावलीत पसरायचं असं ठरलं.

मी एक अट मात्र घातली, चातुर्मासभर कापड माझ्याकडे हवं. मला रस्ते उतरवून घ्यायचे होते.

शाळेच्या आलेखवह्या आणल्या. एक चौकोन म्हणजे एक टाका. जाताना समोर येणारा टाका लाल पेन्सिलनं, परतीचा निळ्यानं. फाटा आला की तिथे आकडा: आधी कुठे, मग कुठे. हत्ती, मोर, गोपूर, रथ यांचे रस्ते मला हातानं पाठ होते, ते आठवडाभरात झाले. पालखी आणि पाळणा अक्काकडून फोनवर घेतले. ती तिकडे सुई चालवत सांगायची आणि मी इकडे रेघा ओढायची. सोळा स्वप्नं मात्र आम्हा कोणालाच आईनं शिकवली नव्हती. कधी तरी शिकवीन म्हणायची. त्यांचे रस्ते मला भिंग घेऊन मागच्या बाजूनं शोधावे लागले. दोऱ्याचं टोक जिथे मुरवलेलं सापडतं तिथून सुरुवात, एवढा एकच धागादोरा. बाकी माझी अटकळ. माझा रस्ता जुळतो, ताळा बरोबर येतो, पण आज्जी त्याच वाटेनं गेली असेल असं नाही. तरी एक कळलं. आज्जी फाट्याला कधीच परतीवर ठेवायची नाही, वाटेत आला की लगेच टोकाला जाऊन यायची. मीही पुढे तसंच करायला लागले. दोरा खरंच कमी गुंततो.

एकूण एकेचाळीस पानं झाली. झेरॉक्स काढून चौघींना दिली, एक संच भाचीला बंगळूरला पाठवला. कोणाला शिकायचं असेल तर सुरुवातीला इरकलीच्या नादी लागू नका, डोळे दुखतील. मॅटी कापड घ्या, बोथट टोकाची 24 नंबरची सुई घ्या आणि सहा पदरी सुती दोऱ्यातले दोनच पदर. रेशमासारखा चमकतो म्हणून काही जणी व्हिस्कोजचा दोरा घेतात. तो लाकडाच्या लगद्याचा असतो, आपल्याला चालतो, पण फार निसरडा आहे. मुरवलेलं टोक सुटून येतं. गाठ मारायचा मोह होईल. तो आवरा.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी दोन सुट्टीला आलेल्या नातींना शेजारी बसवून पान नंबर एक काढलं आहे. शंख झाला म्हणाल्या. मागची बाजू मात्र दाखवणार नाहीत.

माझं एकच पान अपुरं आहे, तो सिंह. त्याच्या शेपटीचा गोंडा अंगाला कुठेच टेकत नाही, मध्ये एका टाक्याची मोकळी जागा आहे, आणि मागच्या बाजूला दोरा उडी मारून गेलेलाही दिसत नाही. म्हणजे त्या नऊ टाक्यांसाठी आज्जीनं वेगळा दोरा घेतला. पण नऊ टाक्यांत दोन्ही टोकं मुरवली कुठे, हे भिंगाखालीही मला सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाच्या आज्जीच्या कुंचीवर किंवा खणावर असा सुटा गोंडा असेल, तर उलट्या बाजूनं बघून मला सांगा.